तुमचे प्रश्न : माईकवरच्या शिव्यांचं करायचं काय?

गेल्या अंकात गेमबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं. अभ्यास, डोळे, टॉप-अपला घातलेले पैसे असंच काहीतरी येईल असं वाटलेलं, पण पत्रं उघडत गेलं तसा एकच विषय पुढं येत गेला, गेमच्या चॅटमधल्या आणि माईकवरच्या शिव्या. आईवडलांनी लिहिलंय, पोरींनी लिहिलंय, शिव्या देऊन बॅन झालेल्यांनी पण लिहिलंय. त्यातली चार पत्रं घेतलीत, नावं मुद्दाम काढलीत.

प्रश्न : ताई, पोरगा दहावीला आहे. क्लासवरनं आला की हेडफोन घालून स्क्वॉडबरोबर, म्हणजे त्याच्या टीमबरोबर, बीजीएमआय हा मोबाईलवरचा बंदुकीचा गेम खेळायला बसतो आणि मग त्याच्या तोंडातनं जे निघतं ते सासूबाईंच्या समोर ऐकवत नाही, सगळं आई-बहिणीवरनं. मी ओरडले की आमचे मालक म्हणतात, अगं आम्ही तालमीत काय जप करत होतो काय, कोल्हापुरात शिवी म्हणजे प्रेम. मोबाईल काढूनच घेऊ का?
– एक आई, शुक्रवार पेठ

उत्तर : लगेच काढून घेऊ नका. काढून घेतलात तर तो मित्राच्या फोनवर खेळेल आणि तिथं तुमच्या कानावर काहीच येणार नाही, एवढाच फरक पडेल.

आधी मालकांच्या बोलण्याचं बघू, कारण पोरगा त्यांचंच बघून तयार झालाय. ते म्हणतात ते अगदीच खोटं नाही. रंकाळ्यावर दोन दोस्त भेटले की पहिला शब्दच शिवी असतो आणि त्यात कुणाला काही लागत नाही, पण का लागत नाही ते बघा ना. दोघं एकमेकांच्या घरी जेवलेत, कुणाच्या घरात काय चाललंय ते दोघांना माहितीय, एकाचं जरा जास्त झालं तर दुसरा तिथंच कानाखाली देईल नाहीतर बोलणं बंद करेल. आणि तालमीचं म्हणाल तर वस्ताद समोर असताना कुणाच्या आईवरनं बोलून दाखवावं की एखाद्यानं. म्हणजे तिथं शिवी होती तसं तिला धरणारं माणूस पण होतं. गेममध्ये तुमच्या पोराच्या समोर कोण आहे हे त्याला ठाऊकच नसतं, ते साताऱ्याचं अकरा वर्षांचं पोर असेल, कुठली तरी मुलगी असेल, घरात कुणीतरी गेलंय म्हणून मन रमवायला बसलेला माणूस असेल. त्याला ते प्रेम म्हणून ऐकू जाणार नाही.

जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये यावर लिहिलंय, पडद्यामागं गेलं की माणूस मोकाट का सुटतो. नाव कळत नाही, तोंड दिसत नाही, समोरच्याचा चेहरा पडलेला बघावा लागत नाही आणि वर दटावणारं कुणी नाही. त्यामुळं शेजाऱ्यापाजाऱ्यांशी नीट बोलणारं पोरगं पण तिथं तोंड सोडतं. लीग ऑफ लेजेंड्स हा गेम काढणाऱ्या रायट कंपनीनं आपल्या खेळाडूंच्या चॅटचा अभ्यास केला तेव्हा असंच निघालं, की कायम घाण बोलणारी पोरं फार थोडी असतात, बहुतेक शिव्या एरवी चांगलं खेळणाऱ्यांच्याच तोंडून एखाद्या वाईट मॅचला निघतात. म्हणून तुमचा पोरगा बिघडला असं लगेच धरू नका, आणि त्यानं बोललेलं चालतं असंही धरू नका.

एक करा. एक दिवस त्याच्या शेजारी बसा, हेडफोन काढायला लावून स्पीकरवर एक पूर्ण मॅच बघा, मध्ये काही बोलू नका. शिवी नेमकी कुठल्या क्षणाला निघते ते दिसेल. बहुतेक वेळा तो नॉक झालेला, म्हणजे गोळी लागून पडलेला असतो, रांगत असतो, झोन, म्हणजे खेळायची जागा लहान करत येणारा घेरा, जवळ येत असतो आणि स्क्वॉडमधला तिसरा कुणीतरी रिव्हाइव्ह द्यायचं, म्हणजे त्याला परत उभं करायचं, सोडून लूट गोळा करत असतो, तेवढ्या दहा-पंधरा सेकंदांत सगळं बाहेर पडतं. मग त्याच्याशी त्या सेकंदांबद्दलच बोला, संस्कार वगैरे मोठं काही काढू नका. नॉक झालास की माईक बंद, रिव्हाइव्ह झाला की चालू, एवढा नियम तो पाळू शकतो. माईक ऑलवर ठेवलाय का टीमवर ते पण बघा, ऑलवर असेल तर आसपासचे परके खेळाडू पण ऐकत असतात, तो टीमवर आणून ठेवा. आणि अठराच्या आतल्यांनी पालकांचा फोन नंबर द्यायचा आणि दिवसात तीन तासच खेळायचं असा नियम या गेमनं २०२१ मध्ये सुरू होतानाच केलेला, तुमचा नंबर कधी मागितलाच नसेल तर पोरानं वय काय टाकलंय ते विचारून घ्या.

मालकांना माझ्याकडनं सांगा, पोरगं आईचं ऐकत नसेल पण बापानं एकदा शेजारी बसून 'बास, हे असलं परक्याला बोलायचं नाही' म्हटलं तर ऐकेल. बाप हसला तर मात्र काही उपयोग नाही.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे, कसबा बावड्यात राहते. पीसीवर व्हॅलोरंट हा टीमनं खेळायचा बंदुकीचा गेम आणि फोनवर बीजीएमआय खेळते, आणि चांगली खेळते. माईक लावून 'बी ला दोघं आहेत' एवढंच बोललं तरी लगेच 'अरे पोरगी आहे' सुरू होतं आणि तिथनं रेट विचारण्यापर्यंत जातं. आता मी माईकच लावत नाही, त्यामुळं कॉल देता येत नाहीत, म्हणजे शत्रू कुठं ते टीमला सांगता येत नाही, आणि हरलो की परत माझ्यावरच. एकानं तर मला इन्स्टावर शोधून काढलंय, रोज मेसेज टाकतोय. रिपोर्ट केला की थँक यू येतं, पुढं काय झालं कळतच नाही. सगळ्यांची अकाउंटं आधारला जोडली तर हे थांबेल का?
– बावड्याची गेमर

उत्तर : इन्स्टावाल्याचं आधी. त्याला उत्तर देऊ नकोस आणि मेसेज डिलीट पण करू नकोस. त्याचं युजरनेम, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढ, प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेव, मग ब्लॉक कर. आणि घरी सांग. गेम बंद करतील म्हणून कितीतरी पोरी सांगत नाहीत, म्हणून हे वाचणाऱ्या आईबाबांना हात जोडून सांगते, पोरगी तक्रार घेऊन आली तर तिचाच फोन काढून घेऊ नका, पुढच्या वेळी ती येणारच नाही.

तू अठराच्या आतली आहेस त्यामुळं तुला पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२ चा कायदा लागू होतो. वाईट हेतूनं घाणेरडं बोलणं आणि फोनवरनं, नेटवरनं सारखं मागं लागणं, दोन्ही त्यात लैंगिक छळात धरलंय आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मोठ्या बायकांसाठी भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झालीय, कलम ७८ पाठलागाचं आणि ७९ बाईची अब्रू दुखावणाऱ्या बोलण्याचं आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरी बसून करता येते, महिला आणि मुलांच्या तक्रारीत तर नाव न देता पण करता येते, नाहीतर जवळच्या ठाण्यात जायचं, कोल्हापूरला सायबर पोलीस ठाणं आहेच. नुसती कुणी 'मूर्ख', 'नूब' म्हटलं तर मात्र पोलिसांत जाऊन काही होणार नाही. आधी आयटी कायद्यात ६६अ नावाचं कलम होतं ज्यात कुणाला खटकलं एवढ्यावर पण गुन्हा लागायचा, ते सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं आणि ते बरोबरच केलं. धमकी, लैंगिक बोलणं, मागं लागणं, जातीवरनं बोलणं, इथनं कायदा सुरू होतो.

आता गेममधला रिपोर्ट. नावावर रिपोर्ट करून विसंबून राहू नकोस, रिनेम कार्ड वापरलं की नाव बदलतं, आयडीचा नंबर बदलत नाही, तो नंबर टिपून घे. मॅच संपल्यावर निकालाच्या स्क्रीनवरनं लगेच रिपोर्ट टाक, मॅचची वेळ लिहून ठेव. टाइप केलेलं कंपनीकडं राहतं, बोललेलं पकडणं अवघड. आणि इथं एक गोष्ट पोरींनी लक्षात ठेवा, फोनच्या स्क्रीन रेकॉर्डरमध्ये गोळ्यांचा, पावलांचा आवाज येतो पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर समोरच्याचा माईक येतच नाही. तुम्ही रेकॉर्ड केलं म्हणून निर्धास्त राहता आणि ठाण्यात जाऊन लावता तर नुसती फायरिंग ऐकू येते. आधी मैत्रिणीबरोबर एक मॅच टाकून तपासून बघ, येत नसेल तर गेम स्पीकरवर टाकून दुसऱ्या फोननं रेकॉर्ड कर.

रिपोर्टचं पुढं काही कळत नाही ही तुझी तक्रार शंभर टक्के खरी आहे. कंपन्या आवाजाकडं फार उशिरा वळल्या. व्हॅलोरंटवाल्या रायटनं २०२१ मध्ये नियम बदलून रिपोर्ट झालेल्या माणसाचं बोलणं तपासायची परवानगी घेतली. कॉल ऑफ ड्यूटी या दुसऱ्या बंदुकीच्या गेमनं २०२३ मध्ये बोलणं ऐकून शिव्या पकडणारी यंत्रणा आणली, पण जगभर सुरू करताना आशिया वगळला, म्हणजे आपण त्यात नव्हतोच. आणि लिहिलेली मराठी शिवी तरी कुठल्या फिल्टरला कळतीय, इंग्रजी अक्षरांत ती पाच प्रकारे लिहिता येते, मध्ये आकडा घातला की सुटली. पैसे आपल्याकडनं घेतात तर आपल्या भाषेतलं घाण बोलणं ओळखायची जबाबदारी पण त्यांचीच आहे, ते आपण मागायला पाहिजे. २०२१ च्या आयटी नियमांत असल्या कंपन्यांना तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्यानं २४ तासांत पोच द्यायची आणि सात दिवसांत (फेब्रुवारी २०२६ च्या आधी १५ दिवस होते) निकाल लावायचा असं आहे. गेमच्या साइटवर तळाला त्याचा ईमेल असतो. रिपोर्टचं बटण दाबून गप्प बसण्यापेक्षा आयडी नंबर, वेळ आणि पुरावा जोडून त्या पत्त्यावर लिही, तिथं उत्तर द्यावं लागतं.

आधारचं म्हणशील तर माझं स्पष्ट मत नको असं आहे. दक्षिण कोरियानं हे करून बघितलंय, २००७ मध्ये मोठ्या साइटवर लिहायचं तर खऱ्या ओळखीची नोंद करा असा कायदा आणला. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या साइटवरनं साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ मध्ये त्यांच्या घटनात्मक कोर्टानं तो कायदाच रद्द केला. त्याच्या मधे २०१० ला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टवाल्या ब्लिझार्डनं त्यांच्या चर्चेच्या पानावर सगळ्यांची खरी नावं दाखवायची ठरवलं आणि खेळणाऱ्यांनीच एवढा गोंधळ घातला की तीन-चार दिवसांत माघार घेतली. त्यात पोरींचं म्हणणं तुझ्याचसारखं होतं. विचार कर, तुझं खरं नाव लॉबीत, म्हणजे मॅचच्या आधी सगळे जमतात तिथं, दिसलं असतं तर त्या इन्स्टावाल्याला शोधायला एक मिनिट पण लागलं नसतं. घरी, गल्लीत, फेसबुकवर खऱ्या नावानं घाण बोलणारी माणसं आपण रोज बघतोच की. पाहिजे काय तर अकाउंटला चिकटून राहणारा एक आयडी, त्याच्यावर आधी काय काय झालं त्याची नोंद, आणि ज्यानं तक्रार केली त्याला 'कारवाई झाली' हे कळणं. नाव लोकांना दिसायची काही गरज नाही.

आणि तू स्वतःचा माईक बंद करू नकोस, त्याचा आवाज बंद कर. दोन्ही गेममध्ये एकेका माणसाला म्यूट करता येतं, तुझे कॉल बाकीच्यांना जात राहतील.

एक गोष्ट तुला नाही, ती त्या स्क्वॉडमधल्या उरलेल्या पोरांना. शिवी देणारा एक असतो आणि बाकीचे ऐकत बसतात, एखादा हसतो. त्यातल्या एकानं जरी 'ए भावा, गेम खेळ, बास' म्हटलं तरी बहुतेक वेळा तो गप्प होतो, कारण तो बोलतच असतो तुम्हाला हसवायला. हे वाचणारी जी पोरं रोज रात्री लॉबीत असतात त्यांना मी विचारते, मोटारसायकलवरनं जाताना रस्त्यात तुमच्यासमोर कुणी एका पोरीला हे बोललं असतं तर तुम्ही थांबला असता ना? मग इथं का गप्प बसता?

प्रश्न : माझा चॅट सात दिवस बंद केलाय. सुरुवात समोरच्यानं केलती, माझ्या आईवरनं बोलला, जातीवरनं पण बोलला, मी फक्त उत्तर दिलं. त्याला काय झालं माहीत नाही, मला मात्र शिक्षा. अकाउंटला दोन वर्षं दिलीत, स्किनला, म्हणजे गेममधल्या कपड्या-बंदुकीच्या सजावटीला, पैसे घातलेत. हा अन्याय नाही का? नाहीतर दुसरं अकाउंट काढणार.
– इचलकरंजी, वय १९

उत्तर : तुझं निम्मं बरोबर आहे भावा. शिक्षा झाली पण कशासाठी ते सांगितलं नाही तर माणूस सुधारत नाही, नुसता चिडतो. रायटनंच हे करून बघितलं होतं, बॅन केलेल्या खेळाडूला त्यानं नेमकं काय टाइप केलं होतं ते दाखवलं तेव्हा परत तसं वागणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं. एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग सेवेनं २०२३ पासून स्ट्राइक चालू केलेत, चुकीच्या मानानं स्ट्राइक मिळतात, प्रत्येक स्ट्राइक सहा महिने नावावर राहतो आणि आठ झाले की वर्षभर चॅट, पार्टी, मल्टिप्लेअर सगळं बंद. तिथं खेळणाऱ्याला आपण कुठं उभे आहोत ते दिसतं. तू अपील कर आणि माझ्या कुठल्या मेसेजवर कारवाई झाली ते द्या असं सरळ माग. जातीवरनं तो जे बोलला त्याचा स्क्रीनशॉट असेल तर तोच आधी पाठव, ते नुसत्या गेमच्या रिपोर्टवर सोडायची गोष्ट नाही. अनुसूचित जाती-जमातींतल्या माणसाचा लोकांदेखत जातीवरनं अपमान करणं १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यानं गुन्हा आहे, तू त्यात येत असशील तर एखाद्या वकिलाला स्क्रीनशॉट दाखवून विचार.

पण 'त्यानं सुरू केलं' यावर मी तुझ्या बाजूनं नाही. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघत मोठा झालेला कुठलाही माणूस सांगेल, आधी शिवी देणाऱ्याला पण रेड कार्ड आणि उलट देणाऱ्याला पण रेड कार्ड, अपमानकारक भाषेला मैदानाबाहेर काढायचं हे नियमातच लिहिलंय आणि कुणी सुरू केलं हा प्रश्न त्यात नाही. तू टाइप केलेलं वाक्य पत्रात उतरवून पाठवलंयस, ते इथं छापता येणार नाही. मी ते परत परत वाचलं. त्यात त्या पोराच्या खेळाबद्दल किंवा त्यानं तुला जे बोललं त्याबद्दल एक अक्षर नाही, सगळं त्याच्या बहिणीबद्दल आहे. ती बहीण त्या मॅचमध्ये कुठं होती? तिनं तुझं काय केलं होतं?

दुसरं अकाउंट काढू नकोस. बॅन चुकवायला नवीन अकाउंट काढलं तर बहुतेक गेममध्ये तो वेगळा गुन्हा धरतात आणि मग जुनं पण जायची भीती. स्किनला पैसे घातले म्हणून अकाउंट आपल्या मालकीचं होत नाही, अटींमध्ये वापरायची परवानगी एवढंच लिहिलेलं असतं. हे सात दिवस पिंगवर, म्हणजे न बोलता बटणानं खुणा करत, खेळ. शत्रू कुठं, जायचं कुठं, औषध पाहिजे, सगळं पिंगनं सांगता येतं, आणि चॅट चालू झाल्यावर पण रागाच्या मॅचला तेवढंच वापर.

प्रश्न : राजारामपुरीत गेमिंग कॅफे आहे. शिवी दिल्यास बाहेर काढू असा बोर्ड लावलाय, कोण बघत पण नाही. कडक झालो तर रोजची पोरं तुटतात. काय करावं?
– एक कॅफेवाले

उत्तर : दादा, तुम्ही कंपन्यांपेक्षा चांगल्या जागी आहात, पोरगं तुमच्यासमोर बसलेलं आहे. बोर्ड बदला, शिवी म्हणजे काय ते लिहा : आई-बहिणीवरनं, जातीधर्मावरनं, पोरींना उद्देशून, परक्याला धमकी. दोस्त दोस्ताला हाक मारताना काय म्हणतो त्यात पडू नका, नाहीतर सगळा बोर्डच खोटा ठरतो. पहिल्यांदा खुर्चीजवळ जाऊन हळू आवाजात सांगायचं, सगळ्यांदेखत नाही. दुसऱ्यांदा त्याचा तास तिथंच संपला, उरलेले पैसे परत. हे रोजच्या पोराला आधी लावा, नवख्याला नंतर, मग बाकीचे आपोआप बघतात. समोरच्या टीमशी चॅट बंद ठेवायला पण सांगा. लीग ऑफ लेजेंड्समध्ये ते सुरुवातीलाच बंद ठेवून बघितलं होतं, पाहिजे त्याला सेटिंगमध्ये जाऊन चालू करता यायचं, तरी आठवड्याभरात घाणेरडं बोलणं जवळपास एक तृतीयांशानं कमी झालं आणि एकूण चॅट होता तेवढाच राहिला. लोक बोलत होतेच, नुसतं सहज तोंड टाकणं थांबलं.

कॅफेत पोरी येत असतील तर त्यांना दारापासच्या दोन सीट देऊ नका, तुमच्या काउंटरजवळच्या द्या. आणि स्पर्धा ठेवली तर शिवीचा नियम आणि त्याची शिक्षा फॉर्मवरच छापा, सही घ्या. फायनलला ऐनवेळी सांगितलं तर भांडणच होणार.